सोसेल तेवढं विष

डॉ. देवधरांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा. तुम्हाला मी वेगळं काय सांगणार?"

मी वाचलं. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी बी नावाच्या पेशींचा कॅन्सर, झपाट्यानं वाढणारा. हे शब्द मी कित्येक वर्षं वाचत आले होते. एरवी त्यांच्या वर उंदराचा नंबर असायचा. त्या दिवशी माझं नाव होतं.

माझा नवरा मिलिंद शेजारच्या खुर्चीत होता. तो खारघरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यानं विचारलं, "बरा होतो ना हा?"

"होतो. पुष्कळांचा होतो," डॉक्टर म्हणाले. "पण औषध सौम्य नाही. मॅडमना माहीत आहे."

मला माहीत होतं. मी तीच औषधं बनवते.

पार्किंगमध्ये आल्यावर मी गाडीच्या दारावर मूठ मारली. मग पुन्हा मारली, मग मारतच राहिले. मिलिंदनं मागून माझे दंड धरले, तर मी त्याच्या पोटात कोपर घातलं. तो कळवळून खाली बसला. वॉचमन पुढं आला आणि माझं तोंड बघून तिथंच थांबला. माझ्या बोटांची सालटी निघाली होती. रडू येत नव्हतं. मला कुणाला तरी मारायचं होतं आणि समोर कुणीच नव्हतं.

ज्यांच्या घरात असा रिपोर्ट नुकताच आला असेल, त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगेन. राग आला तर घाबरू नका. तो येतोच. फक्त जवळच्या माणसाच्या पोटापासून जरा लांब उभं राहा.

मी उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली. वडील मासेमारी करायचे, पुढं बंदरात कामाला लागले. माझ्या आत्याला छातीत गाठ झाली होती. तिनं ती पदराखाली लपवली. ती फुटली तेव्हा घरभर वास सुटला आणि मग सगळ्यांना कळलं. मरताना ती एवढी ओरडायची की शेजारच्या बायका आपल्या पोरांना घेऊन दुसऱ्या आळीत जाऊन बसायच्या. मी तेव्हा शाळेत होते. पुढं रसायनशास्त्र घेतलं, पीएचडी केली, आणि पनवेलजवळच्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लागले. कॅन्सरचंच काम हवं म्हणून हट्ट धरला.

ते काम काय असतं, हे लोकांना नीट माहीत नसतं. पांढरा कोट, मायक्रोस्कोप, शांतता, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढं असतं. मी उंदरांच्या अंगात कॅन्सर वाढवते. पाठीवर गाठ येते, वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. मग मी नवीन औषध टोचते. थोड्यांना कमी, थोड्यांना जास्त, थोड्यांना त्याहून जास्त. कुठल्या डोसला उंदीर वजन गमावतात, केस ताठ होतात, कोपऱ्यात जाऊन पडतात, रक्त हगतात, हे मी बघते. त्याच्या अलीकडच्या डोसला मॅक्सिमम टॉलरेटेड डोस म्हणतात. म्हणजे जीव न जाता शरीराला सोसेल तेवढं जास्तीत जास्त विष. ही रेघ शोधायची तर काहींना तिच्या पलीकडे ढकलावंच लागतं. त्याला दुसरा उपाय नाही. माझी दोन औषधं या रेघेवरच मेली. गाठ विरघळायची, पण उंदीरही जायचे. तिसऱ्यावर आम्ही काम करत होतो आणि ते आता माणसांपर्यंत पोचणार होतं. नेमक्या त्याच सुमारास मास्क बांधताना माझ्या हाताला मानेवरची गाठ लागली.

दुखत नव्हती. रबरासारखी होती. घामानं अंगावरचे कपडे भिजायचे. ब्लाऊज सैल झाले. अशी न दुखणारी गाठ असली की माणूस निवांत राहतो. राहू नका. दुखणारी गाठ बरी, ती दवाखान्यात तरी नेते.

पहिला धक्का बोन मॅरो तपासणीचा. कॅन्सर हाडांच्या आतल्या मगजात शिरलाय का, हे बघायला कमरेच्या हाडात सुई घालतात. वरची कातडी बधिर करतात. हाड बधिर होत नाही. डॉक्टर अंगाचा भार टाकून सुई पिळत आत घालतात, स्क्रू पिळावा तशी, आणि मग मगज ओढतात. ती ओढ बसली तेव्हा मला वाटलं, माझा पाय मुळासकट उपटतायत. मी उशीला चावले. उशीचा अभ्रा फाटला. मगजातही कॅन्सर होता.

मला द्यायच्या औषधांच्या संचाला आर-चॉप म्हणतात. पाच औषधांची नावं जोडून केलेला शब्द. त्यातलं पहिलं अँटीबॉडी असतं, कॅन्सरच्या पेशी ओळखून त्यांना चिकटणारं. याच जातीच्या औषधांवर माझं निम्मं आयुष्य गेलंय. ते थेंबथेंब आत जायला लागलं आणि अर्ध्या तासात मला थंडी भरली. थंडी हा शब्द पुरत नाही. दात एकमेकांवर असे आपटत होते की जीभ सापडली आणि तोंडात रक्त आलं. पलंगाचे कठडे खडखड वाजत होते. दोन सिस्टर माझ्या पायांवर वाकून बसल्या. मला आमच्या पिंजऱ्यातल्या उंदरांची थरथर आठवली. आम्ही त्यासमोर 'थरथर, मध्यम' असं नोंदवायचो. मध्यम! मला ओरडून हसावंसं वाटलं, पण जबडा ताब्यात नव्हता. इंजेक्शन दिल्यावर ते थांबलं आणि औषध पुन्हा सुरू झालं.

मग लाल औषध. लाल सरबतासारखं दिसतं. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, म्हणून सिस्टर हातमोजे घालून, श्वास धरून देते. घरी आल्यावर मी दोन दिवस बादली कवटाळून बसले. उलटी नुसती होत नव्हती, ती मला धरून आपटत होती. डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटल्या. पोटातलं संपल्यावर हिरवं पाणी, मग नुसते उमाळे. केस मुठीत यायला लागले तेव्हा मिलिंदनं दाढीचं मशीन आणलं आणि माझं डोकं भादरलं. दोन ठिकाणी कापलंही.

दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारच्या खुर्चीत अनंत होता. विचुंब्याचा. जासईला कंटेनर यार्डात कंटेनर उचलायचं अजस्र मशीन चालवायचा. त्यालाही लिम्फोमाच, पण पोटात. दंड असे की सिस्टरला शीर सापडायला वेळ लागायचा नाही. सोबत त्याचा मोठा भाऊ काशिनाथ असायचा, थर्मासमधून चहा घेऊन. काशिनाथ कमी बोलायचा. त्याचा स्वतःचा टेम्पो होता, वाळू-विटांचा.

अनंत मला म्हणाला, "तुमी काय करता, बाय?"

आमच्याकडे बहिणीसारख्या बाईला बाय म्हणतात. कित्येक वर्षांत मला कुणी अशी हाक मारली नव्हती.

"हीच औषधं बनवते. म्हणजे नवीन. अजून माणसाला न दिलेली."

"मंग आदी कोनला देता?"

"उंदरांना."

"जगतात?"

"काही जगतात."

तो इतक्या मोठ्यानं हसला की सिस्टरनं डोळे वटारले. "आयका रं दादा," तो भावाला म्हणाला, "आज आमी दोघं उंदीर हाव."

काशिनाथ हसला नाही. त्यानं मला विचारलं, "पन मरनार नाय ना त्यो?"

मी म्हटलं, "याचसाठी इथं बसलाय."

हे उत्तर नव्हतं, पण त्यानं मान डोलावली आणि माझ्यासाठीही चहा ओतला.

तिसऱ्या खेपेनंतर माझ्या प्लेटलेट पडल्या. प्लेटलेट म्हणजे जखम झाल्यावर रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी. औषध कॅन्सर मारतं तसं मगजातलं बाकीचंही मारतं. पायांवर लाल ठिपके उमटले, हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं. मला दाखल केलं. डॉ. देवधर म्हणाले, "बेडवरून उतरायचं नाही. ब्रश करायचा नाही. तुम्हाला साधी ठेच लागली तरी मला झोप येणार नाही."

वॉर्डची डॉक्टर ऋचा होती, नुकतीच शिकून आलेली, बारीक अंगाची, सतत धावणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझा हात तपासत असताना खालून निरोप आला आणि ती निघून गेली. जेवणाच्या वेळी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तुमच्या ओळखीचे आहेत ना ते अनंत?" ती म्हणाली. "सेप्टिक शॉकमध्ये आणलंय."

सेप्टिक शॉक म्हणजे रक्तात जंतू पसरून शरीर कोसळणं. केमोनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. त्या वेळी येणारा ताप साधा नसतो. जंतूंशी लढायला आत कुणीच उरलेलं नसतं.

"ताप कधीपासून होता?"

"परवापासून. भावानं गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं होतं. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. आज बेशुद्ध झाल्यावर इकडे आणलं."

अनंत दुपारी गेला.

आधी खालून एका बाईचा आवाज आला. ती त्याची बायको रंजना, हे मला मागून कळलं. मग पुष्कळ पायांचा आवाज, मग काच. तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल, हॉस्पिटल फोडताना. पलंगावर पडून ऐकताना ते वेगळं असतं. जिन्यातून वर येणारा प्रत्येक आवाज तुमच्यासाठी येत असतो. ट्रे आपटले, सिस्टर किंचाळल्या, कुणीतरी फायर एक्स्टिंग्विशर काचेवर फेकला. "डाक्तरीण कुठं हाय? औषध घालून मारला आमचा मानूस!"

माझ्या खोलीचं दार उघडलं आणि ऋचा आत पडली. तिचा ओठ फाटला होता. वेणी सुटली होती, डोक्याच्या एका बाजूला केसांचा पुंजका उपटून आला होता. ती माझ्या पलंगामागं भिंतीला चिकटून बसली आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मिलिंद औषधं आणायला खाली गेला होता.

मी पलंगावरून उतरले. माझ्या हातातली सलाइनची सुई निसटली आणि हातातून रक्त वाहायला लागलं. दारात उभी राहिले. मी शूर वगैरे नाही. पण मी दारात नसते तर ते आत आले असते.

काशिनाथ पुढं होता. त्याच्या हातात सलाइन लावायचा लोखंडी स्टँड होता. डोळे लाल, शर्ट फाटलेला, तोंडाला फेस. त्यानं मला ओळखलंच नाही.

"सर बाजूला."

"हितं कोन नाय," मी म्हणाले. मी लहानपणीची भाषा बोलत होते, कशी आली कुणास ठाऊक. "दादा, जा तू. आरं, पोरगी हाय ती, तिनं काय नाय केलं."

'पोरगी' म्हटलं आणि चूक झाली. ती आत आहे हे त्याला कळलं. त्यानं स्टँड फिरवला.

तो माझ्या खांद्यावर बसला आणि तिथून कानाजवळ घसरला. दाराच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं. मी खाली पडले. नाकातून रक्त आलं, आणि ते थांबेना. नळ सोडल्यासारखं. गाऊन, फरशी, माझे हात, सगळं लाल. डोक्यावरचा रुमाल सुटून पडला होता. मी वर बघितलं तर काशिनाथ माझ्या बोडक्या डोक्याकडे बघत होता. त्याच्या भावाचंही डोकं तसंच झालं होतं.

त्याच्या हातातून स्टँड गळला. "बाय?" तो म्हणाला. मग तो उलट्या पावली मागं सरकला आणि त्याच्या माणसांनी त्याला ओढत नेलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ऋचा माझं नाक दाबून धरत होती आणि रडत होती. "प्लेटलेट मागवा, प्लेटलेट मागवा!" मिलिंदचा चेहरा. सीटी स्कॅनचं मशीन. डोक्याच्या आत रक्त सांडलं असतं तर मी तिथंच संपले असते. सांडलं नव्हतं. पण उजव्या डोळ्यात रक्त उतरलं, खांदा काळानिळा होऊन काखेपर्यंत सुजला, कानात शिट्टी वाजत राहिली. माझ्या प्रयोगशाळेतली माणसं प्लेटलेट द्यायला रांगेनं आली. ज्यांच्याशी मी डोसवरून भांडत असे त्यांच्या रक्तावर मी ते दिवस काढले.

मिलिंद सौम्य माणूस. तो माझ्या उशाशी बसून हलक्या आवाजात म्हणायचा, "मी त्याला ठार मारीन." रोज म्हणायचा, जेवण भरवता भरवता. मी त्याला थांबवलं नाही. कारण मीही मनात तेच करत होते. डोळे मिटले की तो स्टँड माझ्या हातात असायचा आणि काशिनाथ खाली पडलेला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. त्याला अटक झाली. काही आठवड्यांनी जामीन मिळाला. ऋचा सुट्टीवर गेली. ती परत येणार नाही, असं वॉर्डात बोललं जायचं.

डॉ. देवधरांनी विचारलं, "पुढचे डोस कमी करू या का? तुम्ही फार सोसलंय."

डोस कमी केला तर कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "पूर्ण द्या. फक्त दोन खेपांत थोडं अंतर ठेवा." खोलीबाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, हेच वाक्य मी मीटिंगमध्ये कितीदा सहज म्हटलं असेल. आता ते मी माझ्याच शरीराबद्दल म्हटलं होतं.

पूर्ण घेतले. बोटं बधिर झाली, नखं काळी पडली, तोंडात असे फोड आले की पाणीसुद्धा काचेसारखं टोचायचं. शेवटच्या खेपेनंतर पेट स्कॅन झाला. जिथं जिथं कॅन्सर जिवंत असतो तिथं त्या चित्रात उजेड दिसतो. माझ्या चित्रात कुठंही उजेड नव्हता. "कम्प्लीट रिस्पॉन्स," डॉक्टर म्हणाले. म्हणजे सध्या औषध जिंकलं. मिलिंद कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

मी कामावर परत गेले आणि मग रंजनाचा फोन आला. अनंतची बायको. तिनं नंबर कुठून मिळवला, विचारलं नाही.

"बाय, रागावू नका," ती म्हणाली. "आमाला कोनी नीट सांगत नाय. म्हाजा मानूस कशानं गेला तेवडं सांगाल का?"

मिलिंद म्हणाला, "जाऊ नकोस." मी गेले. का गेले ते खरं खरं सांगते. मला सत्य सांगायचं होतं ते काशिनाथसाठी. ताप आल्यावर त्यानंच भावाला गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं होतं. ते दोन दिवस त्याच्यामुळं गेले होते. मला हे त्याच्या तोंडावर मारायचं होतं. मार बसलेल्या खांद्याचा माझा हात अजून डोक्याच्या वर जात नव्हता.

विचुंब्यात नव्या इमारतींच्या मध्ये त्यांचं जुनं बैठं घर होतं. रंजनानं चटई टाकली, पाणी दिलं. काशिनाथ आत आला नाही. उंबऱ्याबाहेर पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला. वाळला होता. टेम्पो विकला होता, वकिलासाठी.

मी सांगायला लागले. लिम्फोमा म्हणजे काय, औषध काय करतं. "गाठ विरघळत होती," मी म्हणाले. "स्कॅनमध्ये निम्म्याहून कमी झाली होती. औषध लागू पडत होतं. पण ते औषध विष आहे. ते रक्तातले शिपाईपण मारतं. काही दिवस अंगात एकही शिपाई नसतो. त्या दिवसांत त्याच्यात जंतू शिरले."

बाहेरून काशिनाथ म्हणाला, "म्हंजे औषधानंच मारला."

"हो," मी म्हणाले. "औषधानं दार उघडं टाकलं. हे खरं आहे. तुमच्या तोंडावर कुणी हे कबूल केलं नसेल. मी करते."

तो वळला. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

रंजनानं पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग विचारलं, "ताप आला तवाच आनला असता तर?"

हेच सांगायला मी आले होते. शब्द तोंडात तयार होते. काशिनाथ माझ्याकडे बघत होता, आणि मला दिसलं, की तो हा प्रश्न रोज स्वतःला विचारत होता. रोज. अनंतला बेशुद्ध बघितलं त्या क्षणापासून. स्टँड उचलला तेव्हाही बहुतेक. खरं तर तो स्वतःलाच मारत सुटला होता.

मी खोटं बोलू शकले नाही. पण फेकलंही नाही. "कदाचित वाचला असता," मी म्हणाले. "नक्की सांगता येत नाही. ताप आल्या आल्या आणलेलेही काही जातात. पण ताप आला की थांबायचं नाही, त्याच घटकेला मोठ्या हॉस्पिटलात यायचं, हे तुम्हाला कुणी समोर बसवून सांगितलं होतं का?"

"अंताला सांगितला आसंल," रंजना म्हणाली. "त्यो हसन्यावारी न्यायचा सगला. आमाला नाय कोनी सांगितला."

"मग ती चूक तुमच्या एकट्यांची नाही."

काशिनाथ उठला. तो आत आला, आमच्या शेजारून गेला आणि भिंतीवर डोकं आपटलं. धाडकन. माळ्यावरची भांडी वाजली. पुन्हा आपटलं. कपाळ फुटलं. "मी नेला," तो म्हणत होता, "मीच नेला त्याला, मीच नेला." रंजना ओरडली. तो तिला झटकून पुन्हा मागं झुकला. मी काही विचार केला नाही. भिंतीवर माझा हात आडवा धरला. त्याचं डोकं माझ्या बोटांवर आदळलं. बधिर झालेल्या त्या बोटांनाही कळ गेली, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी हात काढला नाही. त्यानं पुन्हा आपटलं, जरा हळू. मग तिथंच, माझ्या हातावर कपाळ टेकून उभा राहिला आणि गुरासारखा हंबरला.

माझं एक बोट मोडलं. ते अजून नीट मिटत नाही.

प्रयोगशाळेत आता मी वेगळी झालेय असं सगळे म्हणतात. मी उंदीर सोडून दिले नाहीत. त्याशिवाय औषध होत नाही, आणि औषध नसतं तर मी नसते. रेघ अजून शोधते, आणि त्यासाठी काहींना पलीकडे ढकलतेही. पण आता 'मध्यम' लिहिताना पेन थांबतं. आमचं तिसरं औषध माणसांना द्यायचं ठरलं तेव्हा मी एकच हट्ट धरला. पेशंटला तर सांगाच, पण ज्याच्या गाडीतून तो येणार आहे त्यालाही समोर बसवा, त्याच्या भाषेत सांगा, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या. कुणी म्हणालं, यात वेळ जाईल. मी टेबलावर हात आपटला. मोडक्या बोटानं आपटला, म्हणून जास्त वाजला नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

तुमच्या घरात कुणाची केमो चालू असेल तर एवढं करा. थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप आला की काढा-गोळी नको, सलाइन नको, सकाळची वाट नको. उचला आणि आणा.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दुपारी काशिनाथचा फोन आला.

"बाय, आमच्या गल्लीतली यक बाई. केमो चालू हाय तिचा, ताप भरलाय. रिक्षात घातलाय तिला. मी गेटवर हाय, पन ह्ये मना आत सोडत नाय. वलखलाय मना."

ओळखणारच. गेटवरच्या वॉचमनच्या मनगटावर त्या दिवशी फुटलेल्या काचेचे व्रण अजून होते.

ऋचा कामावर परतली होती. मी तिला फोन लावला आणि गेटवर कोण आहे ते सांगितलं. मग तिनं फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. तिनं नाही म्हटलं असतं तर मी तिला बोल लावला नसता.

पुढचं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं सारखंच निघालं. ऋचा स्वतः स्ट्रेचर ढकलत गेटपर्यंत आली. तिनं वॉचमनला बाजूला व्हायला सांगितलं. ती दोन्ही हातांनी स्ट्रेचर घट्ट धरून होती, हे काशिनाथनं सांगितलं. तो हात मागं बांधून दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला होता, हे तिनं सांगितलं. तिनं त्या बाईच्या कपाळाला हात लावला आणि मान वर न करता विचारलं, "ताप कधीपासून?"

"तासभर झाला, डाक्तर," तो लांबूनच म्हणाला.

"पाय धरा," ती म्हणाली. "मला एकटीला त्या उचलणार नाहीत."

त्यानं पाय धरले. ती बाई आठवड्यानं चालत घरी गेली.